बिज्याची काडी

“एवढीशी कॅसेट अन् एवढं लंबं खोकं?” खाटेवर बसल्या बसल्या डोमाजीने पुठ्ठ्याचं खोकं उलटंपालटं करून पाहिलं.

“परदेशचं टपाल ना! त्यांचं सगळंच ऐसपैस,” अलकनंदा मोठ्याने म्हणाली आणि तिने विणकामाची पिशवी मांडीवर ओढून घेतली. खोकं घरीच ठेवून यायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

डोमाजीशी मोठ्यानेच बोलावं लागे. तीस वर्षं आरामशीनवर लाकडं चिरून त्याचे कान गेले होते. आता त्याच लाकडांचा भुसा छातीत बसला होता. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं काही खरं नाही असं सांगितलं होतं, आणि दसरा तर कालच होऊन गेला होता. गेले वर्षभर त्याने एकच धोशा लावला होता. पीटर बाबांना लिहा, एकदा पोरीचा आवाज मला ऐकू द्या, मग मी मोकळा. पत्रं अर्थात अलकनंदाच लिहायची. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि या नवराबायकोचं टपाल तिच्याच पत्त्यावर यायचं.

मैनाबाई दाराशी सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पोर म्हणजे आनंदी. सोळा वर्षांपूर्वी, सत्तर साली, चौदा महिन्यांची होऊन तापाने गेली. गेलेल्या लेकराचा पाळणा घरात ठेवायचा नाही, वैनगंगेत सोडायचा, ही त्यांची रीत. पाळणा डोमाजीने स्वतःच्या हाताने बिज्याच्या लाकडाचा केला होता. तो त्याने नदीत सोडला, पण एक गज काढून धोतरात लपवून परत आणला. रीत मोडली म्हणून मैनाबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

त्याच सुमाराला चर्चच्या परदेशी पाद्र्यांचा, पीटर बाबांचा, चेलो मुका झाला. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन. त्याच्या पोटात, तारांच्या खाली, एक काडी उभी असते. हातभरही नसते, पण ती नसली तर वाद्य बोलत नाही. बाबांच्या देशात तिला ‘जीव’ म्हणतात. ती वाळवीने खाल्ली होती. डोमाजीने त्या गजाची नवी काडी घडवली आणि आत बसवली.

“जड लाकूड आहे. आवाज थोडा घोगरा झाला,” बाबा म्हणाले होते. “पण राहू दे.”

मग बाबा मायदेशी जाईपर्यंत, नऊ वर्षं, रोज संध्याकाळी नवराबायको चर्चच्या पायरीवर बसून ऐकायचे. चपला बाहेर काढून. काय वाजतंय ते दोघांनाही कळत नसे.

“वाचा ना बाई.”

अलकनंदाने पत्र काढलं. ते तिने मधून दुमडलं होतं. “बाबा लिहितात, तीनशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये गायची जी शोकगीतं होती, त्यांवरून त्यांनी नवी रचना केली आहे. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा आई खाली उभी होती, तिचं दुःख. चेलो एकटा बोलतो आणि मागचे चाळीस वादक त्याला उत्तर देतात. चेलो बाबांचाच. आता बोटं चालत नाहीत, म्हणून वाजवलाय त्यांच्या एका शिष्येने.”

“मायचंच दुःख?” डोमाजीने विचारलं. “बाप नव्हता काय तेथी?”

अलकनंदाने पत्राची घडी बोटांनी पुन्हा चेपली.

“अन् आपल्या काडीचं काय लिवलं?”

“जपून ठेवली आहे म्हणतात. जिवापाड.”

“हौ?” डोमाजीच्या तोंडावर असं हसू आलं की तिला त्याच्याकडे बघवेना. तिने घाईघाईने सोबत आणलेल्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

आधी बरीच वाद्यं दबक्या आवाजात सुरू झाली, मयताच्या घरी बायका बोलतात तशी. मग ती थांबली आणि चेलो एकटाच निघाला. स्वच्छ, नितळ, लांबवर जाणारा स्वर. सुपातली मैनाबाईची बोटं क्षणभर थांबली. मग ती पुन्हा खडे वेचू लागली.

डोमाजीने टेपरेकॉर्डरवर तळहात ठेवला होता. कानांनी नाही तर हाताने ऐकत होता. “हालून राह्यली,” तो पुटपुटला. “पाहा ना वो, कशी हालून राह्यली!” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. अलकनंदालाही रडू आवरलं नाही.

मैनाबाई मात्र तांदूळ निवडत राहिली. आईचं काळीज इतकं कोरडं कसं होतं, या विचाराने अलकनंदाला तिचा रागच आला.

कॅसेट संपली तेव्हा डोमाजी हात तसाच ठेवून झोपी गेला होता. कित्येक महिन्यांत त्याला अशी झोप लागली नव्हती. टेपरेकॉर्डर राहू द्या, असं हळूच सांगून अलकनंदा उठली. मैनाबाई सूप बाजूला ठेवून तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत आली. तिथे तिने पदर पसरला.

“ते काडी मले द्या, बाई. उद्या वैनगंगेत सोडतो.”

“कुठली काडी?”

“खोक्यातून आली ते. ह्यायले सांगू नका.”

पत्राच्या दुमडलेल्या भागात तेच होतं: शिष्येने चेलोत नवी काडी बसवली, म्हणून जुनी परत पाठवत आहे. अलकनंदाने पिशवी उघडली. लोकरीच्या सुयांमधून रुमालात गुंडाळलेली काडी काढली आणि पदरात ठेवली. मैनाबाईने ती छातीशी धरली.

“माह्या आनंदीचा आवाज घोगरा होता,” ती म्हणाली. “हे पोट्टी दुसऱ्या कोनाची हाये.”