नवे लायनर

डिंभ्याच्या पुढं चढाला मोटार पुन्हा थांबली. चाकांतून जळका वास येत होता. चांगदेवराव खाली उतरले, धोतराचा सोगा सावरला आणि मागं बसलेल्या गफूर मिस्त्रीला म्हणाले, की असले लायनर बसवण्यापेक्षा त्यानं मंचरच्या बाजारात कंगवे विकावेत.

गफूरनं ऐकून घेतलं. ब्रेकला नवे लायनर, म्हणजे चाक घासून थांबवणाऱ्या पट्ट्या, त्यानंच घातले होते. ते तापतात अशी ओरड झाल्यावर चाकं खोलून, लायनर घासून, सैल करून पुन्हा बसवले होते. मंचरच्या रस्त्यावर मोटार झकास पळायची. बायकोला, साळुबाईंना, घेऊन तिच्या माहेरी तळेघरला निघाली, की नेमकी इथं येऊन धुमसायची. मग चांगदेवराव ती माघारी वळवायचे. आज म्हणून त्यांनी मिस्त्रीलाच बरोबर घेतलं होतं, चार शिव्या जागेवर देता याव्यात म्हणून.

तळेघरला साळुबाईंची आई अंथरुणाला खिळली होती. घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. लेकीचं तोंड एकदा बघू दे, असा तिचा निरोप आला होता. साळुबाई पायी निघाल्या होत्या, तर नवऱ्यानं अडवलं. दारात मोटार असताना चांगदेवरावांची बायको फुफाट्यातून चालत जाणार म्हणजे काय?

ती मोटार पुण्यातल्या कुणा वकिलानं कंटाळून काढून टाकलेली. पण ती दारात आल्यापासून चांगदेवरावांना पायी चालणारा माणूस दिसेनासा झाला होता. सासुरवाडीची माणसं तर त्यांच्या लेखी नाचणी खाणारी रानटी. मोटार घेतल्यापासून ते तिकडं एकदाही फिरकले नव्हते. असल्या माणसाला गाव रामराम घालत होतं, हे गावाचंही चुकतच होतं.

आता माघारी फिरायचं, असं त्यांनी जाहीर केलं. असल्या ब्रेकांवर घाट म्हणजे जिवाशी खेळ. आणि म्हातारीला काही होत नाही, डोंगरातली माणसं चिवट असतात.

साळुबाई खाली उतरल्या. तवा तापला का बघावा तसा त्यांनी पुढच्या चाकाजवळ हात नेला, मग टेकवला. चाक गार होतं. पलीकडचंही गार. मागच्या चाकाजवळ मात्र हात नेला आणि चटकन मागं घेतला.

"गफूरभाऊ, मागच्या चाकांना निराळं काय असतं?"

गफूरनं चांगदेवरावांकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. गिऱ्हाईक मोठं होतं. पण म्हातारीचा निरोप त्यालाही ठाऊक होता.

"हातब्रेक, वैनी. त्यो मागच्याच चाकांना लागतो. अर्धा वढून ठिवला तर मोटार चालती, पर लायनर जळत्यात."

चांगदेवराव कडाडले. राहिला असेल चुकून, माणसाच्या हातून राहतं कधीतरी.

"माघारी जाताना बरा सुटतो," साळुबाई म्हणाल्या.

चांगदेवराव पुन्हा धोतराचा सोगा सावरू लागले. कुडाच्या घरापुढं, शेणानं सारवलेल्या अंगणात आपली मोटार उभी राहायची आणि आपल्याला तिथल्या घोंगडीवर बसावं लागायचं, एवढ्या लाजेपायी हा गडी मरणाऱ्या बाईला वाट बघायला लावत होता. साळुबाईंना त्यांची किळस आली. आजवर आपण ह्यांना भ्यायलो, याची जास्त आली.

त्यांनी मोटारीतलं बोचकं काढून काखेत मारलं, पदर खोचला आणि चढाला लागल्या. चार माणसं बघतील, लोक काय म्हणतील, असं चांगदेवराव मागून बोलत राहिले. साळुबाई वळणावर थांबल्या, पण बोलल्या मिस्त्रीशी.

"गफूरभाऊ, मोटारीचं तोंड घराकडं करून द्या आन् हातब्रेक सोडा. उतार हाय. ह्यांना न्यायला इंजिन बी लागायचं न्हाई."