मडिवाळप्पांचा मऊ आवाज

“बस की व्यंकट,” मडिवाळप्पा हळू आवाजात म्हणाले, आणि व्यंकटला घाम फुटला.

आळंदच्या त्या डाळ मिलमध्ये मॅनेजरसाहेबांचा हळू आवाज कुणी ऐकलाच नव्हता. मशिनींच्या वरताण ओरडण्यात त्यांची हयात गेली होती.

“कामावरून काढायलात का, साहेब?”

“न्हाई रे.”

“मग असं मऊ कामून बोलायलात?”

मडिवाळप्पा ओशाळले. आदल्या दिवशी मालकांनी त्यांना कलबुर्गीला प्रशिक्षणाला धाडलं होतं. कामगाराचं मन ठीक नसेल तर काय करायचं, हे तिथल्या मॅडमनी शिकवलं. आधी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. सल्ला तर द्यायचाच नाही. हे शेवटचं ऐकून मडिवाळप्पांना प्रश्न पडला होता, मग मॅनेजर ठेवायचा तरी कशाला?

“हल्ली गप गप असतोस. काय व्हायलंय तुला?”

व्यंकटनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. मग एकदम सुटला. मशीन चालू झाली की छाती धडधडते. झोप लागत नाही. लेकरांवर उगीच वसकन ओरडतो आणि मागून गोठ्यात जाऊन रडतो.

“कधी कधी वाटतंय साहेब, उठावं अन् कुटंतरी निघून जावं.”

‘पहाटे उठून थंड पाण्यानं आंघोळ कर’, हे मडिवाळप्पांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. सल्ला मोठा होता, तांब्या रिकामा झाला.

“डॉक्टरला दाखवू,” ते म्हणाले. “मी येतो संगं.”

“गावाला कळलं तर येडा म्हणतील मला.”

“कोण सांगायलंय गावाला?”

दुसऱ्या दिवशी दोघं कलबुर्गीला दवाखान्यात गेले. मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाक होता आणि बाकावर उद्धवराव बसले होते. व्यंकटच्याच गावचे, मादन हिप्परग्याचे. त्यांना कळलं म्हणजे गावाला कळलं. व्यंकट आल्या पावली वळला, पण उद्धवरावांनी पाहिलंच.

“काय व्यंकट, इकडं कुणाला आणलास?”

व्यंकट रुमालानं तोंड पुसू लागला. त्याचे कान लाल झाले. मडिवाळप्पा त्याच्या पुढं येऊन उभे राहिले.

“मला आणलंय,” ते म्हणाले.

उद्धवराव त्यांच्याकडं बघतच राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल सावरत सरकले आणि बाकावर जागा केली.

“बसा साहेब. माझ्यामागं तुमचाच नंबर हाय.”