आले हो!

“दोनदा हॉर्न वाजवीन. तेवढ्यात खाली आलीस तर ठीक, नाहीतर मी निघालो!” बाबांचा हा दम आईनं संसारभर ऐकला, आणि प्रत्येक वेळी “आले हो!” म्हणत ती जिना उतरली.

बाबा वारल्यावर त्यांची उघड्या टपाची जुनी गाडी लेकीनं घराखालच्या गॅरेजात नव्यानं बांधायला घेतली. बंपर उतरवला, बॉडी खाली आणली, मागं रुंद चाकं, पुढं दुप्पट ताकदीचं उघडं इंजिन. आईनं एकच मागितलं, “हॉर्न तेवढा त्यांचाच राहू दे गं.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला गॅरेजातून हॉर्न दोनदा वाजे. आई वरून “आले हो!” म्हणे आणि हसे, “पुरे गं तुझा चावटपणा!” लेक खाली बोल्ट आवळत राही.

आज रंग वाळला. हॉर्न वाजला, आणि आई केस विंचरून, पर्स घेऊन खरंच खाली आली. “रोज एवढं बोलावतेस, तर आण आता फिरवून.” तिनं गाडीचं दार उघडलं. स्टिअरिंगमागच्या कोऱ्या, रिकाम्या गादीला कुणी बसल्यासारखा खळगा पडला होता.

लेकीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

“आई, चढू नकोस. हॉर्न अजून फळीवरच पडलाय. मी तो जोडलेलाच नाही.”