पंधरा पावलं

तिसऱ्या बोरलाही पाणी लागलं, आणि तेही असं की बोरच्या गाडीवरचा राकेश टोपीसकट भिजला. शिनोलीच्या डोंगरावर जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या. दिल्लीहून आलेल्या साहेबांचं तोंड मात्र सुतकी झालं. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

हौशीराम पाणाड्याला हे सोसवेना. तळहातावर नारळ आडवा धरून चाळीस वर्षं तो रानं तुडवत आला होता. नारळ उभा राहिला की खाली पाणी, मग ते पाताळात का असेना. आणि आज तीन-तीन बोर लागून त्याचं नाव कुणी घेईना!

"सायेब, बोरसाठी तुमी ठोकलेल्या खुंट्यांवर नुसती धूळ निघाली असती," तो पुढं घुसत म्हणाला. "नारळ हललासुदिक न्हाई. म्हनलं, सरकारची फजिती नको. तुमी जेवाया गेलता, तवा मीच खुंट्या पंधरा पावलं सरकावल्या. तिन्ही!"

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे मूळ जागी कोरडं आहे?"

"ठणठणीत!"

साहेब एकदम खुलले. "बाबा, आम्हाला कोरडाच खडक हवाय! अणुभट्टीतला कचरा खाली गाडायचाय. लाख वर्षं त्याला पाणी शिवता कामा नये. शिवलं, तर ते विष थेट तुमच्या विहिरीत. मी परवान्याच्या कागदावर 'अपात्र' लिहिणारच होतो!"

खालच्या वस्तीत कुणीतरी विहिरीवर हंडा घासत होतं, त्याचा आवाज वरपर्यंत आला. त्या विहिरीची जागाही हौशीरामनंच दाखवली होती.

"थाप मारली, सायेब," तो कसाबसा म्हणाला. "खुंट्या व्हत्या तिथंच हायेत. मला पाण्यातलं काय बी कळत न्हाई. नारळ मी मनगटानं उभा करतो."

आणि करून दाखवला.

साहेब लोकांकडं वळले. "खरं?"

द्रौपदाबाईचा मळा हौशीरामनं दाखवलेल्या बोरवर आजही भिजत होता. पदर खोचून ती पुढं झाली. "लबाड हाय मेला! माझ्या बोरला फुफाटा निघाला, फुफाटा!"

"माझ्या बी," तिच्या शेजारचा सोपान म्हणाला.

"खुंट्या जागच्या हलल्याच न्हाईत," राकेश गाडीवरून ओरडला. "ह्या म्हाताऱ्याचं कोन ऐकतंय?"

मग ज्याला-त्याला जोर चढला. चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या एवढ्या शिव्या हौशीरामनं एका दमात खाल्ल्या.

साहेबांनी 'अपात्र' लिहिलं. जीप उतारावरून दिसेनाशी झाली.

हौशीरामनं मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. "लई भारी खोटं बोललात, राव!" तो हसत म्हणाला.

कुणीच हसलं नाही. सगळे त्याच्या मनगटाकडं बघत होते.