शेवटचा सीन

आमच्या कुरुंद्यात सिनेमाचं वर्कशॉप चालू आहे. गोष्ट सगळ्यांनी मिळून रचायची. "भूमिका घरीसुद्धा जगायची," असं दिग्दर्शिका केतकीताईंनी बजावलंय.

सिनेमातही मी सूनच. आणि एरवी "आमी न्हाई का लेकरं वाढवली?" म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या वाट्याला सुनेला झोपू देणारी सासू आली. तेव्हापासून रात्री माझं बाळ रडलं की त्याच उठतात. पहिल्या रात्री मी एक डोळा उघडा ठेवून पडले होते. आता गाढ झोपते.

आज शेवटचा सीन होता. तो झाला की भूमिका संपणार, म्हणून ऐन टेकमध्ये मी मुद्दाम हसले. "कट! उद्या परत घेऊ," केतकीताई म्हणाल्या.

सासूबाई तोंडाला पदर लावून माझ्या कानाशी आल्या.



"उद्या तू हसू नको गं, बाईला संशय येईल. उद्या मी खोकते."