मासे ठेवायचा स्टँड

"लाकूड अजून ओलं हाय, वहिनी," जगदीश सुतार म्हणाला, तशी कुणालीनं हातातली पिशवी फळ्यांच्या ढिगावर आदळली.

ही तिची चौथी खेप होती. शहापूरहून मुरबाडपर्यंत एसटीनं तासाच्या वर, आणि कडेवर अडीच वर्षांची भूमिका.

"गेल्या वेळी पॉलिश चढत नव्हतं म्हणालात," ती म्हणाली. "ओल्या लाकडाला पॉलिश करत होतात का?"

जगदीशनं जरा विचार केला. "स्टँडचा एक पाय बदलला."

"का बदलला?"

"मनाला येईना."

मग कुणालीचा तोल गेला. भूमिका केव्हाच कडेवरून उतरून मागच्या अंगणात पळाली होती. तिथं जगदीशची बायको, बारकी, तांदूळ पाखडत बसायची, आणि सुपाभोवती कोंबड्या. पोर तिथं रमते, हे कुणालीच्या पथ्यावरच पडायचं. लेकीसमोर भांडायची तिची इच्छा नव्हती.

घरी ती आवाज चढवतच नसे. घरात तसं बोलायला होतंच कोण? दिपेश पहाटे कल्याणला कामावर जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. सासूबाईंचा फोन रोज, प्रश्न एकच, भूमिका बोलली का. शेवटी तिनं फोन उचलणं सोडलं. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की आपल्या नातवाला किती कविता पाठ आहेत ते ऐकवायच्या, म्हणून जिन्यात थांबणंही सोडलं. डॉक्टरांनी मोबाइल दाखवू नका, शांतपणे एकेक शब्द शिकवा म्हटलं होतं. दिवसभर ती हळू आवाजात चित्रांचे पत्ते दाखवायची. गाय. घर. चेंडू. भूमिका बघायची आणि पत्ता चावायची.

सहा महिन्यांत ती एकदाच काहीतरी बोलली होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात, माशांच्या टाकीवर तळवा टेकून, "बू." डॉक्टरांनी त्यात काही विशेष नाही म्हटलं. कुणालीनं मात्र तोच धागा घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी तिनं दिपेशला तीन फुटी टाकी आणायला लावली.

टाकी आली आणि जमिनीवरच राहिली. पाणी भरलं की तिचं वजन दीडशे किलोच्या वर जाणार. शहापुरातले सुतार प्लायवूडचा स्टँड करून देतो म्हणाले. प्लाय पाण्यानं फुगतं, फुगलं की सांधा सुटतो, हे कुणालीनं वाचलं होतं. डोळे मिटले की तिला टाकी कलंडताना दिसायची, आणि खाली भूमिका. मुरबाडचा जगदीश खिळा न मारता सांधे बसवतो असं कुणीतरी सांगितलं. पंधरा दिवसांचा वायदा होता. दोन महिने उलटले होते.

बरं, तो समोरून भांडतही नसे. कुणाली बोलायला लागली की हा आधी रंध्याचं मशीन बंद करायचा. स्टुलावर बसायचा, मान तिरकी करून ऐकायचा. बोलून बोलून ती थकली, तर असं काहीतरी उत्तर द्यायचा की तिचा पारा पुन्हा चढावा.

आजही तसंच झालं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मासे टोपात पण राहतात, वहिनी. आमच्याकडे शेतातले आणून तसेच ठेवतात. एवढी घाई कशाला?"

आणखी दहा मिनिटं ती बोलत होती. दवाखाना, मुलगी, स्वतःचे दिवस, सगळं तिनं त्याला ऐकवलं. हे तिनं दिपेशलाही कधी ऐकवलं नव्हतं. मग ती मागं जाऊन भूमिकाला घेऊन आली. भूमिका नेहमीसारखीच गप्प, मुठीत तांदूळ. बारकी तिच्याकडे बघत म्हणाली, "लगेच निघालीस गो?"

पाचव्या खेपेला कुणालीनं निघण्याआधी फोन केला नाही. भूमिकाला अंगणात सोडलं. जगदीश जागेवर नव्हता. ती सरळ आतल्या खोलीत शिरली आणि कोपऱ्यातली ताडपत्री ओढली.

स्टँड उभा होता. सागवानी, पाय भक्कम, सांधे असे की नख शिरू नये. पॉलिशवर धूळ बसलेली. वर लोणच्याच्या चार बरण्या, आणि त्यांच्या बुडांचे गोल डाग. तिनं दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला. केसभरही हलला नाही.

जगदीश दारात येऊन उभा राहिला.

"कधी झाला हा?"

"गणपतीच्या आधी."

गणपती होऊन महिना झाला होता. "पुन्हा खोटं बोललात! लाज नाही वाटत?" कुणाली कडाडली. मग तिचे शब्द थांबेनात. पोराबाळांच्या बाबतीत असं करताना याला काही वाटलं कसं नाही, असा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. आत्ताच्या आत्ता हा स्टँड टेम्पोत चढवा, यापुढे या दारात पाऊल ठेवणार नाही, तिनं बजावलं. जगदीश तिच्याकडे पाहतही नव्हता. मागच्या भिंतीकडे कान देऊन उभा होता.

ती श्वास घ्यायला थांबली.

भिंतीपलीकडे कुणीतरी कोंबड्यांना झापत होतं. बारीक, चढा, ठसक्याचा आवाज. "खोटं बोलतो. पुन्ना खोटं. लाज नाय वाटत? चल, आण इकडं."

कुणालीनं तोंडावर हात दाबला. पलीकडचा आवाजही बंद झाला.

जगदीश घाईनं पुढं आला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "थांबू नका, वहिनी. तुमी थांबलात की पोर पण थांबते."