डी, जी, आर

येहुदाने कागद पुढे सरकवला आणि सॅमसन पेझारकर तो वाचायच्या आधीच हसला. कागदावर तीनच शब्द होते. अक्षरं वाकडीतिकडी, पहिलीतल्या मुलाने गिरवावीत तशी.

शुक्रवारची दुपार होती. शब्बाथचे दिवे लावायला अजून दोन तास होते. आत सॅमसनची बायको फ्लोरा मासे तळत होती. टेबलावर इंग्रजी वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यात या आठवड्याचं कोडं होतं : डी, जी, आर. ही तिन्ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधायचे, क्रम कुठलाही चालेल. सॅमसनने सकाळपासून एकेचाळीस शोधले होते. त्यात 'डिस्ग्रेस' होता, 'ड्रजरी' होता, 'डिसरिगार्ड' होता. असे शब्द सापडले की त्याला तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखं वाटे.

मुंबईत तो गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होता. साहेबसुद्धा त्याच्याकडून मसुदे तपासून घेत. इथे, यहुद्यांच्या देशात, लोदच्या कारखान्यात तो तेरा वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवत होता. सोबतच्या माणसांना त्याचं इंग्रजी कळत नव्हतं आणि त्याला त्यांची किंमत वाटत नव्हती. त्याचा चुलतभाऊ अहरोन त्या उन्हाळ्यात मुंबईकडून आलेल्या यहुदी समाजाच्या लोकांबरोबर जेरुसलेमला धरणं धरून बसला होता. लग्न नोंदवायला गेलेल्या आपल्या लोकांना तिथले अधिकारी आजी-पणजीची चौकशी करतात, म्हणून. सॅमसन गेला नाही. ज्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही त्यांनाच असले प्रश्न विचारतात, असं त्याने अहरोनच्या तोंडावर सांगितलं होतं.

आणि आता हा येहुदा. पेताह तिक्वा गावचा बसड्रायव्हर, आईबाप पोलंडचे, नखांत काळं वंगण. सॅमसनच्या मुलीला, दालियाला, हाच मिळाला होता. ती मुंबईची डेझी. इथल्या शाळेने तिची दालिया केली, इस्पितळाने नर्स केली आणि या माणसाच्या बसने वेडी केली, असं सॅमसन म्हणे. चार महिने येहुदा दर शुक्रवारी घरी येत होता आणि दर शुक्रवारी सॅमसन त्याच्यापुढे कोडं टाकत होता, कुत्र्यापुढे हाड टाकावं तसं. सुरुवातीला येहुदा 'अदोन पेझारकर', म्हणजे पेझारकरसाहेब, म्हणत कोरा कागद परत देई. अलीकडे दोन-तीन शब्द लिहू लागला होता.

सॅमसनने चष्मा लावला. डॉटर. ब्राइडग्रूम. रजिस्टर्ड.

स्पेलिंगमध्ये एकही चूक नव्हती. त्याचाच सॅमसनला राग आला. त्याने मोडक्या हिब्रूत ब्राइडग्रूमचा अर्थ विचारला. येहुदाला सांगता आला नाही. डॉटरचा विचारला, तोही नाही. मग सॅमसनने फ्लोराला हाक मारून बाहेर बोलावलं आणि मराठीत सांगितलं, की होणारा जावई पोपट निघाला आहे, कुठूनतरी चोरून उतरवतो आणि वर शहाणा म्हणून मिरवतो. फ्लोरा झारा हातात घेऊन उभी राहिली. हसली मात्र नाही.

"कुठून उतरवलंस?" त्याने येहुदाला विचारलं. "कोणी लिहून दिलं?"

शेजारी बसलेली दालिया काही बोलणार, तोच येहुदाने तिच्या मनगटावर हात ठेवला. तिने तो हात बाजूला केला. एरवी बापाच्या मराठीला ती हिब्रूत उत्तर देई. आज मराठीत बोलली.

"लग्नाच्या दाखल्यांतून, पप्पा."

मग तिने सगळं सांगितलं. मार्चमधल्या पुरीमच्या सणानंतर ती दोघं लग्नासाठी नाव नोंदवायला गेली होती. येहुदाला त्याच्या बापाचं नाव विचारलं आणि शिक्का मारला. तिला आईची आई विचारली, तिची आई विचारली, त्या यहुदी होत्या याला पुरावा काय, ते विचारलं. लोदच्या प्रार्थनाघरातल्या एका पेटीत मुंबईहून आलेल्या जुन्या दाखल्यांच्या नकला होत्या. सगळ्या इंग्रजीत, सातशेच्या वर कागद. तिने ड्युटी सुटल्यावर चाळायला घेतले. एकटीने उरकेनात. तेव्हा येहुदाने एबीसीडी शिकून घेतली. तरी त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. समोर आजीच्या नावाची अक्षरं लिहून ठेवायची आणि ती अक्षरं कुठे दिसतात ते ओळीओळीने शोधायचं, एवढंच तो करत होता. बस डेपोत लावून रोज दोन तास. प्रत्येक कागदावर तेच तेच शब्द येत, त्यामुळे काही पाठ झाले होते. आजीचा दाखला सापडला होता. पणजीचा अजून नव्हता.

सॅमसनने फ्लोराकडे पाहिलं. तिने नजर खाली केली. आजी-पणजीची नावं तिनेच दिली होती.

वर्तमानपत्राचं पान पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. कोणी ते दाबून धरलं नाही. सॅमसनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याच्या सगळ्या पिढ्या तेल गाळणाऱ्या, पण शब्बाथ म्हणून शनिवारी घाण्याला हात न लावणाऱ्या. त्याच्या घराला, हेडक्लार्क पेझारकरच्या घराला, पुरावा मागितला होता. आणि चार महिने त्याला त्याचा पत्ता नव्हता.

त्याला फक्त कागद सुचले. तेवढंच त्याच्या हातचं होतं.

"मला का नाही दिलेत?" तो येहुदाला म्हणाला. आवाज त्याला हवा तेवढा चढला नाही. "सातशे कागद म्हणजे काय? मी दोन दिवसांत शोधून दिलं असतं."

"दिलं असतंत, अदोन पेझारकर," येहुदा म्हणाला. "पण मग कशासाठी शोधायचं, ते तुम्हाला सांगावं लागलं असतं."